जमिनीखालची इंधनटाकी कायमची बंद करताना: गोव्यातल्या नवख्यांसाठी

जमिनीखालची इंधनटाकी म्हटली की डोळ्यांसमोर पेट्रोल पंप येतो. पण गोव्यात अशा टाक्या हॉटेलच्या जनरेटर खोलीमागे सापडतात, मच्छीमार जेट्यांवर, बार्ज दुरुस्तीच्या आवारांत आणि औद्योगिक वसाहतींतल्या कारखान्यांतही सापडतात. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी थांबल्या, तेव्हा ट्रक आणि यंत्रांसाठी डिझेल साठवण्याचे कामही थंडावले. मालक बदलतात, वारस परदेशी असतात, आवारात गवत माजते. मग जागा विकायला काढली की गावातलेच कुणीतरी आठवण करून देते, "इथे खाली टाकी होती ना?"

तो प्रश्न ज्यांच्यापुढे आला आहे त्यांच्यासाठी हा लेख आहे. तुम्ही नवे साइट इंजिनिअर असाल, हॉटेलचे मेंटेनन्स मॅनेजर असाल, नाहीतर डीलरशिप सोडणाऱ्या घरातले असाल. टाकी उचलण्याचे काम कंत्राटदार करील. पण कोणते काम कशानंतर आणि कशासाठी, हे तुम्हाला माहीत हवे, कारण कागदावर सही तुमची असते.

एक गोष्ट आधीच ठामपणे सांगतो. खालच्या मातीत काय मुरले आहे, हे कमी खर्चात कळण्याची वेळ एकच: खड्डा उघडा असतो तेवढे दिवस. भराव झाला, वर पेव्हर बसले, की तेच जाणून घ्यायला बोअर मारावे लागतात, आणि तोवर शेजाऱ्याच्या विहिरीचा प्रश्न उभा राहिलेला असतो. म्हणून कामाचे वेळापत्रक मातीच्या अहवालाभोवती आखा. क्रेन कधी येणार, हे त्यानंतर ठरवा.

आधी कागद, मग कुदळ

भारतात इंधनसाठ्याला पेट्रोलियम कायदा, १९३४ आणि पेट्रोलियम नियम, २००२ लागू होतात. परवाना देणारी संस्था म्हणजे पेसो (केंद्राची पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटना), मुख्यालय नागपूरला. ज्वलनांक (फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला इंधनाची वाफ ठिणगीने पेटू शकते ते) २३ अंश सेल्सिअसपेक्षा कमी असलेले इंधन वर्ग अ, म्हणजे पेट्रोल. २३ ते ६५ अंशांच्या मधले वर्ग ब, म्हणजे डिझेल. "डिझेलला कसला परवाना?" असे हॉटेलवाले हमखास विचारतात. वर्ग ब इंधनाला परवान्यातून सूट आहे ती एका जागी २,५०० लिटरपर्यंतच, आणि तीही कोणतेच भांडे १,००० लिटरहून मोठे नसेल तर. जनरेटरसाठी पुरलेली पाच हजार लिटरची टाकी त्या सुटीत बसत नाही. परवाना कधी काढलाच नसेल, तर ती गोष्ट लपवून टाकी गुपचूप उचलू नका. पेसोच्या परवान्यांची कामे करणाऱ्या माणसाला गाठा आणि रीतसर अर्जाने सुरुवात करा.

परवाना असेल, तर मंजूर नकाशा शोधा. टाकी कुठे, किती क्षमतेची, पाइप कुठून कुठे गेलेत, व्हेंट (टाकीतली वाफ बाहेर सोडणारा पाइप) कुठे उभा आहे, हे सगळे त्यावर असते. परवाना असलेल्या आवारात बदल करायला आधी मंजुरी लागते, हे लक्षात ठेवा. पंप असेल तर तेल कंपनीला लेखी कळवा; टाकी आणि डिस्पेंसर बहुधा त्यांचे असतात. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळालाही पत्र द्या, त्यांचे कार्यालय साळगावला आहे. अग्निशमन दलाच्या जवळच्या केंद्रालाही कामाची तारीख कळवा.

यानंतर दोन गोष्टी बारकाईने वाचा. पहिली, डिप रजिस्टर. रोज सकाळी डिपरॉडवर, म्हणजे माल मोजायच्या खुणांच्या दांड्यावर, पाणी ओळखणारी पेस्ट लावून टाकीत सोडतात. तळाशी पाणी असेल तिथपर्यंत पेस्टचा रंग बदलतो. आलेला माल, विकलेला माल आणि डिपमध्ये दिसलेला माल यांचा मेळ त्या रजिस्टरात असतो. पावसाळ्यात पाणी सारखे चढत असेल किंवा माल रोज थोडा थोडा कमी भरत असेल, तर टाकी किंवा पाइप कुठेतरी फुटका आहे असे धरूनच पुढे चला. दुसरी गोष्ट, जमिनीचा एक-चौदाचा उतारा आणि भाडेकरार. जमीन भाटकाराची (जमीनमालकाची), टाकी कंपनीची, धंदा डीलरचा, अशी तिहेरी गुंतागुंत असते. करारात "जागा पूर्ववत करून देणे" असे कलम असेल, तर त्यात माती येते का, हे वकिलाकडून आत्ताच समजून घ्या.

पाऊस गाठू देऊ नका

काम डिसेंबर ते एप्रिलमध्ये बसवा. गोव्यात भरपूर पाऊस पडतो, तो बहुतेक चारच महिन्यांत, आणि सखल भागात भूजल पार जमिनीला टेकते. रिकामी टाकी आणि चढलेले पाणी यांचे जमत नाही. वीस हजार लिटरची टाकी पूर्ण पाण्याखाली गेली, तर पाणी तिला सुमारे वीस टनांच्या बळाने वर ढकलते. टाकीच्या पोलादाचे वजन त्याच्या पाव भागाइतकेही भरत नाही. वरचे काँक्रीट फोडून ठेवले आणि त्याच रात्री जोराचा पाऊस आला, तर टाकी उफाळून वर येऊ शकते, आणि जोडलेला पाइप तुटून उरलेसुरले इंधन खड्ड्यात उतरते. समुद्राजवळ आणि खाजन (खाडीकाठच्या, बांध घातलेल्या सखल) जमिनीलगत तर उन्हाळ्यातही पाण्याची पातळी मोजून घ्या. तिथल्या खारट ओलाव्याने जुन्या टाक्यांचा पत्रा लवकर खातो.

टाकी रिकामी करणे

आधी आवाराची वीज तोडा आणि स्विचला कुलूप लावा. डिस्पेंसरपर्यंतच्या पाइपांतले इंधन उतरवून टाकीत घ्या, मगच पाइप सोडवून तोंडे ब्लाइंड फ्लँजने (बिनछिद्राच्या चकतीने) बंद करा. व्हेंट पाइप मात्र उघडाच ठेवा, तो सगळ्यात शेवटी निघतो. माल उपसणारा पंप फ्लेमप्रूफ, म्हणजे बाहेरची वाफ पेटवणार नाही असा, हवा. टँकर, पंप आणि टाकी एकमेकांना तारेने जोडून अर्थिंग केलेले हवे, कारण वाहत्या इंधनात स्थिर वीज साचते आणि तिची ठिणगी पुरेशी असते. नेहमीच्या पंपाला जो डेड स्टॉक ओढता येत नाही, तो हातपंपाने काढा. तळाला गाळ उरेल. तो कसा आणि कधी काढायचा, ते वाफेवर ठरते.

वाफ

इथे घाई करणारा माणूस जीव गमावतो, म्हणून जरा थांबून वाचा.

भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त धोक्याची. इंधन द्रवरूपात असताना स्फोट होत नाही. हवेत मिसळलेल्या त्याच्या वाफेचा होतो. पेट्रोलची वाफ हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के असेल, तर ती पेट घेते. त्याहून कमी असेल तर पेटत नाही, त्याहून जास्त असेल तरी पेटत नाही. नुकत्याच रिकाम्या केलेल्या टाकीत वाफ खूप दाट असते. मग कुणीतरी म्हणतो, झाकण उघडून पंखा लावू, वारा खेळला की झाले. वारा खेळताना दाट वाफ विरळ होत जाते आणि त्या वाटेवर ती नेमकी त्या स्फोटक पट्ट्यातून जाते. म्हणून आधी नायट्रोजन किंवा कोरडा बर्फ (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) घालून आतला ऑक्सिजन हटवतात. हवाच खेळवायची असेल, तर हवेच्या दाबावर चालणारे, अर्थिंग केलेले एअर मूव्हर वापरतात आणि वाफ साडेतीन मीटरहून उंच सोडतात. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती जमिनीलगत सरपटत चर, गटार, शेजारचे तळघर गाठते. कामाच्या दिवशी जवळचा चहाचा गाडाही हलवायला सांगा. वारा पडलेला असेल तर काम पुढे ढकला.

आता मीटर. गॅस मीटर एलईएलची टक्केवारी दाखवतो, म्हणजे पेटण्यासाठी लागणाऱ्या किमान वाफेच्या किती टक्के वाफ आत आहे. वाचन वर, मध्ये आणि तळाला, असे तिन्ही ठिकाणी घ्या. आधी ऑक्सिजन, मग एलईएल, मग विषारी वायू, हा क्रम मोडू नका. त्याला कारण आहे. नेहमीच्या एलईएल मीटरमधला सेन्सर वाफ जाळून मोजतो आणि जाळायला त्याला ऑक्सिजन लागतो. नायट्रोजन भरलेल्या टाकीत तो शून्याजवळ काटा दाखवील, आणि ते शून्य खोटे असेल. मीटर शून्य दाखवतोय म्हणून आत उतरलेल्या माणसाला तिथे श्वासालाही हवा नसते.

आत उतरायचे झाले, तर ऑक्सिजन १९.५ ते २३.५ टक्क्यांच्या मध्ये आणि एलईएल १० टक्क्यांच्या खाली हवे. मोजणी काम चालू असताना सतत चालू ठेवा, कारण गाळ ढवळला की दबलेली वाफ पुन्हा सुटते. सक्षम व्यक्तीचे लेखी गॅस-फ्री सर्टिफिकेट हातात असल्याशिवाय कुणी उतरणार नाही. अंगावर पूर्ण हार्नेस, वर ट्रायपॉड, दोर धरायला बाहेर माणूस. आतला माणूस कोसळला तर बाहेरच्याने श्वसनयंत्राशिवाय आत उडी घ्यायची नाही. दोराने ओढायचे आणि १०१ किंवा ११२ वर फोन करायचा. बंदिस्त जागेतल्या अपघातांत वाचवायला गेलेले अनेकदा पहिल्याबरोबरच जातात. हे कामगारांना कोंकणीत, हिंदीत, कन्नडमध्ये, ज्याला जे कळते त्या भाषेत, काम सुरू होण्याआधी समोर उभे करून सांगा. नुसत्या कागदावर अंगठा घेऊन भागत नाही.

टाकी जुनी असेल, तर आणखी एक गोष्ट. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले. त्याआधी पेट्रोल साठवलेल्या टाकीच्या गाळात आणि गंजात शिशाचे विषारी संयुग असू शकते आणि ते कातडीतूनही अंगात जाते. अशी टाकी गॅस-फ्री झाली तरी शिसेमुक्त झाली असे समजू नका.

काढायची की जागेवरच भरायची

काढा, हेच माझे सांगणे. टाकीवर इमारतीचा पाया आला असेल किंवा खोदाईने शेजारची भिंत धोक्यात येत असेल, तरच ती आतून स्वच्छ करून वाळूच्या रबडीने किंवा पातळ काँक्रीटने ठासून भरण्याचा मार्ग आहे. त्यातही टाकीच्या चारही बाजूंना बोअर घेऊन मातीचे नमुने तपासावेच लागतात. रिकामी तशीच सोडणे हा पर्यायच नाही.

काढलेल्या टाकीची छिद्रे बुजवा, वर दाबमुक्तीसाठी एक बारीक छिद्र ठेवा आणि पत्र्यावर रंगाने लिहा: यात काय होते, गॅस-फ्री कधी केली, पाण्यासाठी वापरू नये. शेवटचे वाक्य मोठ्या अक्षरांत लिहा. बागायतीत पाणी साठवायला जुनी टाकी मागणारे भेटतातच, आणि मजबूत पोलाद वाया घालवू नये हा त्यांचा विचारही समजण्यासारखा आहे. पण गंजाच्या थरात मुरलेले तेल वर्षानुवर्षे पाण्यात उतरत राहते. टाकी भंगारात जायची असेल, तर आवारातच थंड पद्धतीने, म्हणजे ज्योत न वापरता, कापून तिचे तुकडे करा. अख्खी टाकी भंगारवाल्याला दिली, की तो गॅस कटर लावणार.

खड्डा उघडा आहे तोवर

टाकी वर आली की सगळे निःश्वास सोडतात आणि जेसीबीवाला भराव टाकायला तयार असतो. त्याला थांबवा.

आधी टाकीचा खालचा भाग पाहा. गंजाचे फोड, सुईइतकी छिद्रे, वेल्डच्या रेषेवरचा ओलावा, सगळ्यांचे फोटो घ्या. मग खड्ड्याच्या भिंती आणि तळ. आपली जांभ्याची माती लोहामुळे लाल असते. जिथे इंधन बराच काळ मुरले आहे तिथे ऑक्सिजन संपतो, लोहाचे रूप बदलते आणि ती लाली जाऊन राखाडी-हिरवट डाग दिसतात. भिंतीत लाल रंगात मध्येच असा करडा पट्टा दिसला आणि ढेकूळ फोडल्यावर वास आला, तर गळती कालपरवाची नाही. (खड्डा दीड मीटरहून खोल असेल तर भिंतींना आधार किंवा उतार दिल्याशिवाय हे पाहायला खाली उतरू नका. जांभा ताठ उभा राहतो, पण त्याखालची पांढुरकी चिकणमाती दगा देते.)

नमुने कुठे घ्यायचे? टाकीच्या दोन्ही टोकांखाली, फिल पाइपच्या (टँकरमधून टाकी भरायच्या पाइपच्या) खाली, डिस्पेंसरच्या खाली, पाइपच्या वाटेवर प्रत्येक सांध्याजवळ. गळती टाकीपेक्षा सांध्यांतून आणि टँकर ओतताना सांडण्यातून होण्याचा संभव मोठा असतो, म्हणून नुसता टाकीखालचा एक नमुना घेणे म्हणजे स्वतःची फसवणूक. नमुना काचेच्या बरणीत काठोकाठ भरा, वर हवा राहू देऊ नका, लगेच बर्फाच्या पेटीत ठेवा. पेट्रोलचे घटक उडून जातात. उन्हात तापलेल्या प्लास्टिकच्या पिशवीतली माती प्रयोगशाळेत "स्वच्छ" निघते. चाचणी एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत करा. पेट्रोलसाठी बेंझिन, टोल्युइन, एथिलबेंझिन, झायलीन हा गट आणि एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन; डिझेलसाठी एकूण हायड्रोकार्बन आणि पीएएच (अनेक कड्यांची जड हायड्रोकार्बन); जुन्या टाकीसाठी शिसेही.

खड्ड्यात पाणी लागले असेल तर त्याचा नमुना घ्या, आणि उताराकडच्या शेजाऱ्यांच्या विहिरींचाही. त्यासाठी आधी घरी जाऊन बोला. "बांयचें उदक पळोवंक येयल्यांत" (विहिरीचे पाणी बघायला आलो आहोत) असे सांगून नीट समजावले, तर लोक दोर-कळशी काढून देतात. मात्र अहवाल आला की त्यांनाही द्यायचा, हे कबूल करूनच नमुना घ्या. विहिरीच्या पाण्याला माणसाचे नाक पुरेसे नाही. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातल्या बेंझिनची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे, आणि वास येण्याच्या कितीतरी आधी ती ओलांडलेली असते.

जांभ्याबद्दल एक गोष्ट बाहेरून आलेल्या सल्लागारांनाही सांगावी लागते. हा दगड छिद्रांचा आणि भेगांचा आहे. वाळूत इंधन हळूहळू पसरते, इथे ते एखाद्या भेगेतून थेट दूर निघून जाते. जवळचे चार नमुने स्वच्छ आणि दूरच्या झरीवर तवंग, असे होऊ शकते. शिवाय पेट्रोल-डिझेल पाण्यापेक्षा हलके असल्याने भूजलावर तरंगते आणि पावसाळ्यात पाण्याबरोबर वर चढते, उन्हाळ्यात खाली उतरते. त्या चढ-उतारात मधला सगळा थर माखतो. म्हणून मार्चमधला तळाचा नमुना एकटा पुरत नाही. पाणी पावसाळ्यात जिथवर चढते त्या उंचीवरही भिंतीतून नमुने घ्या.

गाळ, धुवणाचे पाणी, माती

इंधनाच्या टाक्या साफ करताना निघणारा गाळ आणि धुवणाचे पाणी घातक कचरा नियम, २०१६ च्या पहिल्या अनुसूचीतच येते. ते गटारात, शेतात, सेप्टिक टँकमध्ये जाणार नाही. झाकणबंद पिंपांत, लेबल लावून, पक्क्या फरशीवर ठेवा. ९० दिवसांच्या आत अधिकृत ठिकाणी गेले पाहिजे. गोव्यात अशी सामाईक सुविधा पिसुर्ले इथे आहे. कचरा नेताना मॅनिफेस्ट, म्हणजे फॉर्म दहा, भरला जातो. त्याची पोहोचपावती परत येईपर्यंत कंत्राटदाराचे शेवटचे बिल थांबवा. वास येणारी मातीही वेगळी, ताडपत्रीवर आणि ताडपत्रीखाली ठेवा, चांगल्या मातीत मिसळू नका. भराव म्हणून ती दुसऱ्या प्लॉटवर गेली, तर तुमचे एक दूषित ठिकाण होते, त्याची दोन होतात.

जबाबदारी कुणाची

"आम्ही टाकी काढली, विषय संपला" असे कायदा मानत नाही. जल प्रदूषण कायदा, १९७४ च्या कलम २४ प्रमाणे विहिरीत, प्रवाहात किंवा जमिनीवर दूषित पदार्थ सोडायला मनाई आहे, आणि त्या कायद्यात भूजलही प्रवाहातच धरले आहे. घातक कचरा नियम कचऱ्याने झालेल्या नुकसानीची जबाबदारी आवाराच्या ताबेदारावर टाकतात. "प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी" हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये बिछरी आणि वेल्लोरच्या निकालांत पक्के केले, आणि हरित न्यायाधिकरण कायदा, २०१० च्या कलम २० ने ते न्यायाधिकरणाला बंधनकारक केले. भरपाईसाठी तिथे जायला पाच वर्षांची मुदत आहे. शिवाय दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नवे केंद्रीय नियम २०२५ मध्ये आले आहेत. त्यांत राज्य मंडळाने जागा तपासायची आणि जबाबदार व्यक्ती ठरवायची, अशी रीत आहे.

विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला यातून सरळ कामे निघतात. विकत असाल तर अहवाल विक्रीखताला जोडा, म्हणजे हस्तांतराच्या दिवशी जमीन कशी होती याचा पुरावा राहतो. घेत असाल तर टाकीच्या इतिहासाची लेखी हमी आणि नुकसानभरपाईचे कलम मागा. विक्रेता मातीची तपासणी करू देत नसेल, तर मी म्हणेन व्यवहार थांबवा. विमा आहे म्हणून निश्चिंत राहू नका. नेहमीच्या दायित्व पॉलिसीत अचानक झालेला अपघात येतो, हळूहळू झालेली गळती बहुधा वगळलेली असते.

माती दूषित निघाली तर मंडळाला लगेच लेखी कळवा. विहिरीत अंश सापडला तर त्याच दिवशी त्या घराला पाणी पिऊ नका म्हणून सांगा आणि टँकरची सोय करा; जबाबदारी कुणाची ते नंतर ठरेल. हे मी कायद्याच्या भीतीने सांगत नाही. गावात नळाला पाणी नसेल त्या दिवशी लोक त्याच विहिरीकडे जातात.

शेवटची कामे

अहवाल स्वच्छ आला, किंवा दूषित माती निघून पुन्हा घेतलेले नमुने स्वच्छ आले, की स्वच्छ मातीने थराथराने ठोकून भराव करा. परवाना पेसोकडे परत करा. फाइलमध्ये मंजूर नकाशा, डिप रजिस्टरच्या प्रती, गॅस-फ्री सर्टिफिकेट, फोटो, नमुन्यांच्या जागा दाखवणारा आराखडा, प्रयोगशाळेचे अहवाल, मॅनिफेस्टच्या प्रती आणि भंगाराची पावती असू द्या. एक संच जमीनमालकाकडे, एक तुमच्याकडे. मग पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरमध्ये, त्याच शेजारच्या विहिरींचे नमुने पुन्हा घ्या आणि ते अहवालही त्याच फाइलला लावा.